आईचा अंगठा उमटेना, कार्ड कसं काढू?

प्रश्न (परभणी): आई 74 वर्षांची. जन्मभर कापूस वेचून बोटांवरच्या रेषाच झिजल्यात. केंद्रावर चारदा अंगठा ठेवला, मशीन काही घेईना. म्हातारी पदरानं अंगठा पुसत बसली, मला बघवेना. 70 वर्षांवरच्यांचं 5 लाखांचं आयुष्मान कार्ड निघेल का?

उत्तर: ताई, निघेल. अंगठाच पाहिजे असं नाही, ओटीपीनं किंवा चेहऱ्यावरूनही होतं. उत्पन्नाची अट नाही. आधारवरचं वय तेवढं बघा.

उत्तर: मी जिंतूरचा, सध्या घाना देशातल्या अक्रा शहरात. इथं सत्तरीपुढच्यांना सरकारी आरोग्य विम्याचा हप्ता माफ आहे. तरी शेजारच्या आजींना ट्रोट्रोत, म्हणजे आपल्या काळीपिवळीसारख्या गाडीत, दाटीवाटीनं दवाखाना गाठावा लागतो. आईंना एकटं पाठवू नका.

परभणी: चेहऱ्यावरून होतं हे केंद्रावर कुणी सांगितलंच नाही! उद्या सकाळीच नेते.