दुसऱ्या मेटाटार्सलचं स्ट्रेस फ्रॅक्चर: ११ आठवडे झाले, रेलेव्हेला (टाचा उचलून वर जाताना) अजून दुखतं

तांद्यू_मुंबई
वय १९, बॅले करते, पॉइंटवर (कडक शूज घालून बोटांच्या टोकांवर) ४ वर्षं. उजव्या पावलाच्या दुसऱ्या मेटाटार्सलच्या (अंगठ्याशेजारच्या बोटामागचं लांब हाड) मुळाशी स्ट्रेस फ्रॅक्चर (सततच्या ताणाने पडलेली चीर) आहे. पहिला एक्स-रे स्वच्छ होता, तिसऱ्या आठवड्यात एमआरआयमध्ये दिसलं. रेघ सांध्यापर्यंत गेलेली नाही. ६ आठवडे वॉकर बूट घातला. आता बूट काढून ५ आठवडे झालेत. चालताना काहीच दुखत नाही, जिनाही चढते. पण बारवर (आधाराचा दांडा धरून) डेमी-पॉइंटला, म्हणजे चवड्यावर, गेलं की पावलाच्या वरच्या बाजूला, मधोमध, बोटाने दाखवता येईल अशा एकाच जागी कळ येते. आरएडीची (रॉयल अकॅडमी ऑफ डान्स) ॲडव्हान्स्ड फाउंडेशनची परीक्षा मार्चमध्ये आहे. प्रश्न तीन: इतका वेळ का लागतोय, क्लासमध्ये सध्या काय करू, आणि पॉइंट कधी?

फिजिओ_ठाणे
चालताना दुखत नाही, यावरून या हाडाबद्दल फार काही कळत नाही. दुसऱ्या मेटाटार्सलचं मूळ शेजारच्या क्युनिफॉर्म हाडांच्या खाचेत पाचर ठोकल्यासारखं घट्ट बसलेलं असतं. पहिलं आणि तिसरं थोडं तरी हलतं, हे जवळजवळ नाहीच. चवड्यावर किंवा पॉइंटवर गेलीस की पावलाची सगळी लांबी तरफेसारखी काम करते आणि वाकवणारा जोर नेमका त्या खाचेशी येतो. हाडाच्या मधल्या भागातलं फ्रॅक्चर यापेक्षा लवकर भरतं. त्यामुळे ११ आठवडे म्हणजे काहीतरी बिघडलंच, असं नाही. पण डेमी-पॉइंटला कळ येत असताना बार चालू ठेवणं चूक आहे. उभ्याने बार आजपासून बंद.

आधी तपासणी. अंगठ्याने ती जागा दाब. अजून ठसठसत असेल तर हाड भरायचं आहे. ऑर्थोपेडिककडे जाऊन दोन्ही पावलांवर वजन देऊन, उभं राहून काढलेला एक्स-रे माग आणि दोन्ही बाजू शेजारी ठेवून बघायला सांग. पहिल्या-दुसऱ्या मेटाटार्सलमधली फट एका पावलात जास्त दिसली तर प्रकरण लिसफ्रँक लिगामेंटचं (तिथली हाडं बांधून ठेवणारा पट्टा) असू शकतं आणि मग उपचाराची दिशाच बदलते. एमआरआय पुन्हा केलास आणि हाडात सूज दिसली तर लगेच घाबरू नकोस, ती हाड भरल्यावरही काही महिने दिसते. रेघ बुजली का हे ठरवायला सीटी जास्त उपयोगी.

दाबून दुखणं पूर्ण थांबलं आणि ३० मिनिटं भरभर चालून दुसऱ्या दिवशीही काही जाणवलं नाही, की पुढचं सुरू:
छातीपर्यंतच्या पाण्यात (तिथे पायावर वजनाचा साधारण एक तृतीयांश भार येतो) दोन्ही पायांवर टाचा उचलणं, १० चे ३ सेट, एक दिवसाआड. मग जमिनीवर दोन्ही पायांनी १५ चे ३. मग दोन्ही पायांनी वर, एकट्या उजव्याने सावकाश खाली. शेवटी एका पायावर २५, गुडघा सरळ, घोटा बाहेर न कलंडता, डाव्याइतकेच स्वच्छ. प्रत्येक पायरीला किमान एक आठवडा.

टेंडनच्या (स्नायू हाडाला जोडणारी दोरी) दुखण्यात १० पैकी २-३ इतकं दुखलं तर चालवून घेतात. हाडाला ती सवलत नाही. त्या एका जागी जरा जरी जाणवलं, किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी जाणवलं, तर एक पायरी खाली आणि आठवडाभर तिथेच. क्लासच्या आधी आयब्युप्रोफेन तर अजिबात नको, दुखणं हीच आपली मोजपट्टी आहे.

६ आठवडे बुटात काढल्यावर पोटरी बारीक होतेच. गुडघ्याच्या वाटीच्या खालच्या कडेपासून १० सेंमीवर दोन्ही पोटऱ्यांचा घेर टेपने मोज आणि दर पंधरा दिवसांनी लिहून ठेव.

इंटरनेटवर 'डान्सर्स फ्रॅक्चर' शोधलंस तर करंगळीच्या मेटाटार्सलची माहिती येईल, ते वेगळं. त्याच हाडाच्या मुळाशी होणाऱ्या जोन्स फ्रॅक्चरचं वर्णन रॉबर्ट जोन्स यांनी १९०२ मध्ये केलं, तेही नाचताना स्वतःचं पाऊल मोडल्यावर. तिथले आठवडे इथे लावू नकोस.

आहार_आणि_हाड
एक प्रश्न राहिला: पाळी नियमित आहे का? तीन महिने किंवा जास्त चुकली असेल तर आधी त्याची तपासणी. मेहनतीच्या मानाने खाणं कमी पडून होणाऱ्या अशा बिघाडाला ऑलिम्पिक समितीने २०१४ मध्ये रेड-एस हे नाव दिलं. खाणं खर्चाला पुरत नाही तेव्हा शरीर आधी पाळी आणि हाडाची डागडुजी यांवरच काटकसर करतं. वजन स्थिर असलं तरी हे होतं.

ढोबळ हिशेब असा: चरबी वगळून उरलेल्या वजनाच्या दर किलोला ४५ कॅलरी. ४८ किलोच्या मुलीत २० टक्के चरबी धरली तर उरतात ३८.४ किलो, म्हणजे सुमारे १,७३० कॅलरी. क्लासमध्ये जळतात त्या याच्या वर. 'सध्या नाचत नाही, मग कमी खाते' हे आत्ता सगळ्यात घातक. हाड भरेपर्यंत उपासही बाजूला ठेव.

कॅल्शियम १९ व्या वर्षी दिवसाला १,००० मिग्रॅ लागतं. १०० ग्रॅम नाचणीच्या पिठात साधारण ३५० मिग्रॅ, कपभर दुधात ३०० च्या आसपास. दोन भाकऱ्या, दूध आणि वाटीभर दही झालं की बरंचसं जमलं. ड जीवनसत्त्वाची रक्ततपासणी कर. ६०,००० युनिटचं आठवड्याचं पाकीट डॉक्टर ठरावीक आठवड्यांसाठी देतात, मनाने चालू ठेवायचं नाही.

तांद्यू_मुंबई
मनापासून आभार. दाबल्यावर थोडं दुखतंय. पाळी दोनदा चुकली आहे, सांगायचं सुचलं नव्हतं. डॉक्टरांची वेळ घेते. उभ्याने बार बंद केला तर टर्नआउट (पाय बाहेरच्या बाजूला वळवणं) आणि पावलं दोन्ही जातील अशी भीती वाटते.

आहार_आणि_हाड
दोनदा चुकली असेल तर तिसऱ्या महिन्याची वाट बघू नकोस. फ्रॅक्चरसोबत हे आलंय, असं डॉक्टरांना स्पष्ट सांग.

बार_ते_सेंटर
टर्नआउट जात नाही, तो नितंबात असतो. फ्लोअर बार कर. बॅले शिक्षक बोरिस क्न्याझेव्हने ही पद्धत बसवली ती जमिनीवरच. बारचे नेहमीचेच प्रकार: पाठीवर झोपून प्लिए, देगाजे, रोंद दे जाँब, कुशीवर पासे आणि डेव्हलपे. पाऊल हलकंच ताणायचं, बोटं आवळून जोरात पॉइंट करायचं नाही, त्याने पावलाच्या वरच्या बाजूला ताण येतो. रोज ३०-४० मिनिटं पुरे.

पावलासाठी डोमिंग. खुर्चीत बसून पाऊल सपाट ठेव, चवडा टाचेकडे सरकवल्यासारखी कमान उचल, ५ सेकंद धर, १० वेळा. नखांकडे बघ: बोटांची टोकं पांढरी पडली तर बोटं आवळली जाताहेत आणि कमानीचे छोटे स्नायू झोपलेत. हे करताना तीच जागा दुखली तर यालाही थांब. टॉवेल बोटांनी गोळा करण्याच्या व्यायामात बोटंच जास्त काम करतात, म्हणून मी तो देत नाही.

आता शूज आणि जमीन, कारण पहिल्यांदा हे का झालं याचं उत्तर बहुतेक वेळा तिथेच असतं. पॉइंट शूजचा शँक (आतला कडक तळ) कमानीपाशी सहज दुमडत असेल, बॉक्सच्या (बोटांभोवतीचा कडक भाग) कडा अंगठ्याने दाबल्यावर आत जात असतील, तर ती जोडी मेली. अशा शूजमध्ये पाऊल पॉइंटच्या पुढे कोसळतं आणि भार थेट या हाडावर येतो. कापड, कागद आणि खळीचा बॉक्स मुंबईच्या पावसाळ्यात वाळतच नाही. दोन जोड्या आलटून पालटून वापर, मधे ४८ तास पंख्याखाली. नवं फिटिंगही करून घे, बूट निघाल्यावर पावलाची रुंदी बदललेली असू शकते. आणि लादीवर नुसतं व्हिनाइल अंथरलं तर घसरणं थांबतं, धक्का तेवढाच बसतो. खाली लवचीक लाकडी सांगाडा नसेल तर तिथे सोते (उड्या) करायचे नाहीत.

पॉइंट कधी? वर सांगितलेले २५ झाले की दोन चाचण्या. एअरप्लेन: एका पायावर धड पुढे आडवं, कमर सरळ, प्लिए करून (गुडघा वाकवून) हात जमिनीला, ५ पैकी ४ वेळा गुडघा पावलाच्या रेषेत. आणि एका पायावर सलग १६ सोते, त्यातले किमान ८ स्वच्छ. मग बारकडे तोंड करून, दोन्ही हात बारवर, दोन्ही पायांवर ८ रेलेव्हे, सगळं मिळून ५ मिनिटं. आठवड्यातून तीनदा, लागोपाठ दोन दिवस कधीच नाही. दर आठवड्याला ५ मिनिटं वाढव. एका पायावरचं चौथ्या आठवड्यानंतर, सेंटर (बार सोडून, खोलीच्या मधोमध) त्याच्याही नंतर, पॉइंटवरच्या उड्या सगळ्यात शेवटी.

हे आठवडे मार्चपासून आजपर्यंत मागे मोजत ये आणि पुरत नसतील तर परीक्षा पुढे ढकलायची आहे, असं बाईंना याच आठवड्यात सांग.