मदत हवी आहे: नियमाच्या मसुद्यावर शास्त्रीय हरकत कशी लिहावी?

पाणथळ जागांभोवती बांधकामबंदीचा पट्टा ठरवणारा मसुदा आला आहे. हरकती-सूचनांना २१ दिवस उरलेत. सर्वसाधारण पट्टा ५० मीटर आहे, पण एक कलम म्हणतं, "बांधकामपूर्व पाहणीत बेडकांचं प्रजनन न आढळल्यास १० मीटर पुरेत." पाहणी किती वेळा, कधी, कोणी करायची, याबद्दल अक्षर नाही. हाताशी १४ पाणथळींची माहिती आहे, प्रत्येकी ६ रात्रींच्या फेऱ्या. ४० पानी अहवाल तयार आहे. तो तसाच पाठवावा का? जाणकारांनी सांगावं.

मसुदावाचक:
अहवाल परिशिष्टात टाका, हरकत दोन पानांत संपवा. पलीकडे बहुधा सगळ्या हरकतींचा एक तक्ता बनतो: कलम, आक्षेप, सुचवलेला बदल, कारण, शेरा. तुम्हीच त्या रकान्यांत लिहून दिलंत तर कारकुनाच्या हातून अर्थ बदलत नाही. 'सुचवलेला बदल' हा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. तिथे कलमात जसंच्या तसं चिकटवता येईल असं वाक्य हवं. "पुरेशी पाहणी व्हावी" म्हणालात तर 'नोंद घेतली' असा शेरा पडेल, म्हणजे सभ्य नकार. "प्रजनन हंगामात किमान ६ रात्री" असं लिहा.

आकडेमोड:
वरच्या प्रतिसादाशी सहमत, फक्त ६ हा आकडा आधी तपासा. बेडूक असूनही एका फेरीत न सापडणं अगदी नेहमीचं आहे. एका फेरीत सापडण्याची शक्यता ०.३ धरली तर एका फेरीत ७० टक्के वेळा हुकतील, तीन फेऱ्यांनंतरही ३४ टक्के, सहांनंतर १२ टक्के. चूक ५ टक्क्यांखाली आणायला ९ फेऱ्या लागतात. (०.७ चा तितक्या वेळा गुणाकार, बाकी काही नाही.) अधिकाऱ्याला हे चार आकडे दाखवा, आलेख नको.

तुमच्या माहितीतून ही शक्यता काढताना, जिथे बेडूक सापडले त्याच पाणथळींची सरासरी घेऊ नका. जिथे असूनही सहाही वेळा हुकले त्या जागा हिशेबातून गळतात आणि आकडा फुगतो. ऑक्युपन्सी मॉडेल वापरा, म्हणजे बेडूक असूनही हुकण्याची शक्यता हिशेबात धरणारं गणित. १४ जागा कमी आहेत, त्यामुळे उत्तराची खालची-वरची मर्यादा रुंद येईल. ती लपवू नका. आणि लागोपाठच्या तीन कोरड्या रात्री म्हणजे तीन फेऱ्या नव्हेत. पाऊस नसेल तर तिन्ही रात्री सारख्याच गप्प.

रानवाट:
चूक कोणत्या बाजूची महाग, हे एका वाक्यात लिहा. 'नाहीत' हे चुकलं तर पाणथळीचा काठ कायमचा जातो. 'आहेत' हे चुकलं तर काही मीटर जमीन मोकळी राहते आणि नियम पुढे बदलता येतो.

दुसरं, अंडी पाण्यात असली तरी बरेच प्रौढ बेडूक वर्षाचा मोठा भाग जमिनीवर काढतात. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात उभयचरांसाठी काठापासून १५९ ते २९० मीटर जमीन लागते असं निघालं होतं. म्हणजे मुळात ५० मीटर हीच तडजोड. पण हा मुद्दा वेगळी हरकत म्हणून द्या. दोन्ही एकत्र केलंत तर मोठी मागणी फेटाळताना छोटीही सोबत जाते.

मसुदावाचक:
पळवाटही आत्ताच बुजवा. गिधाडांचं उदाहरण बघा. जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाचा गिधाडांच्या मृत्यूंशी संबंध २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. औषध असलेल्या मृत जनावरांचं प्रमाण १ टक्क्याहून कमी असलं तरी गिधाडं कोसळू शकतात, असं गणित निघालं. म्हणून 'वापर कमी करा' म्हणून भागणारं नव्हतं. मेलॉक्सिकॅम हे दुसरं वेदनाशामक गिधाडांना सुरक्षित असल्याची चाचणीही झाली, त्यामुळे बंदीला पर्याय तयार होता. भारतात २००६ मध्ये जनावरांसाठीच्या उत्पादनावर बंदी आली. तरी माणसांसाठीच्या ३० मिलीच्या कुप्या गोठ्यात पोचत राहिल्या. कुपी ३ मिलीची करायला २०१५ उजाडलं. तुमच्या कलमात कुपी कुठे आहे? पाहणी करणाऱ्याला पैसे कोण देतो, आणि महिना कोण निवडतो, तिथे.

धागाकर्ते:
मॉडेल चालवलं. शक्यता ०.३५ आली, मर्यादा ०.२२ ते ०.५०. मग किती फेऱ्या मागायच्या?

आकडेमोड:
०.३५ ला ७ फेऱ्यांत चूक ५ टक्क्यांखाली येते; खालच्या मर्यादेला १३ लागतील. १३ रात्री माणूस पाठवा म्हटलं तर कोणी ऐकणार नाही. ध्वनिमुद्रक लावून ठेवायची सोय कलमातच द्या. मी असं लिहीन:

"प्रजनन न आढळल्याचा निष्कर्ष ग्राह्य धरण्यासाठी प्रजनन हंगामात, पावसानंतरच्या ४८ तासांत, किमान ७ वेगवेगळ्या रात्री पाहणी झालेली असावी आणि दोन पाहण्यांत किमान ५ दिवसांचं अंतर असावं, किंवा संपूर्ण हंगामभर ध्वनिमुद्रण केलेलं असावं. पाहणी करणाऱ्याची नेमणूक प्राधिकरण करेल. मूळ नोंदी आणि ध्वनिफिती अर्जासोबत जोडाव्यात. अन्यथा ५० मीटरचा पट्टा लागू राहील."

शेवटचं वाक्य खोडलं जाणार नाही याकडे लक्ष ठेवा.