शब्दचर्चा : ‘ट्रेसर’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न : ध्रुवीय समुद्रांवरचा एक लेख मराठीत आणते आहे. ‘केमिकल ट्रेसर’ म्हणजे पाणी कुठून आले, कुठे गेले हे ज्यावरून ओळखतात तो पाण्यातला पदार्थ. त्याला कोणी ‘अनुरेखक’ सुचवले, ते घशाखाली उतरत नाही. ‘फ्रेशवॉटर’ला ‘गोडे पाणी’ लिहिले, तर कच्चा मजकूर वाचणाऱ्या मैत्रिणीने विचारले, ‘आर्क्टिकमध्ये पिण्याजोग्या पाण्याचा साठा आहे का?’ काय करू?

उत्तर : ‘अनुरेखक’ नकोच. मराठीत तो नकाशाच्या रेघांवरून प्रत काढणारा कर्मचारी. समुद्राच्या लेखात तो आला की डोळ्यांपुढे पारदर्शक कागद येतो.

गोड्या पाण्याचे दुखणे वेगळे आहे. शब्द बरोबर आहे, अडचण हिशेबाची आहे. क्षारता म्हणजे साधारण किलोभर पाण्यात किती ग्रॅम मीठ. आर्क्टिकमध्ये तुलनेसाठी ती नेहमी ३४.८ धरतात. समजा, एक लिटर पाण्याची क्षारता ३१.३ भरली. म्हणजे खाऱ्या पाण्यात साधारण १०० मिलिलिटर बिनमिठाचे पाणी मिसळले आहे. ते लिटरभर पाणी तोंडात धरवणार नाही, तरी त्यात गोड्या पाण्याचा अंश आहे. म्हणून ‘साठा’ म्हणण्याआधी एकदा ‘गोड्या पाण्याचा अंश’ लिहा आणि त्याचा अर्थ सांगा. पुढे मैत्रीण अडणार नाही.

आता ते १०० मिलिलिटर आले कुठून? ओब, येनिसेई, लेना या सायबेरियातल्या नद्यांतून की वितळलेल्या समुद्री बर्फातून? क्षारतेला ते सांगता येत नाही, तिला दोन्ही सारखेच. इथे ऑक्सिजन-१८, म्हणजे ऑक्सिजनचा जड प्रकार, कामी येतो. ढग ध्रुवाकडे सरकताना जड ऑक्सिजनचे पाणी आधी गळून जाते, म्हणून तिकडच्या पावसात आणि हिमात तो कमी असतो. आर्क्टिकला मिळणाऱ्या नद्यांत तो तुलनेसाठी ठरवलेल्या समुद्री पाण्यापेक्षा हजारी सुमारे २० ने कमी. समुद्र गोठतो तेव्हा मात्र मीठ बाहेर पडते आणि ऑक्सिजन-१८ जवळपास तसाच राहतो. त्यामुळे तेच लिटरभर पाणी नदीमुळे पातळ झाले असेल तर या हजारी फरकाचा आकडा उणे पावणेदोनच्या आसपास येतो, बर्फामुळे असेल तर शून्याच्या किंचित वर. क्षारता तीच, मूळ वेगळे. मला हे फार सुंदर वाटते.

दुसरे उत्तर : मग ‘मागद्रव्य’ कसे वाटते? माग काढणारे द्रव्य.

उत्तर : जवळ आलात, पण माग काढतो तो माणूस. द्रव्य काही शोधत नाही, ते मागे उरते. शिवाय ‘द्रव्य’ म्हटले की जहाजावरून काहीतरी ओतल्यासारखे वाटते. तसे प्रयोगही होतात, पण इथली बहुतेक मदार पाण्यात आधीच असलेल्या गोष्टींवर आहे. मी सरळ ‘खूण’ म्हणेन. रासायनिक खूण. ‘खूण पटणे’ आपल्याकडे आहेच, आणि शास्त्रज्ञ नेमके तेच करतात.

प्रश्न : पण ‘खूण’ फक्त मूळ सांगते ना? माझ्या लेखात पाण्याची वाट आणि वेळही आहे.

उत्तर : वाटेवरही खुणा असतातच. इंग्लंडमधले सेलाफील्ड आणि फ्रान्समधले ला हाग इथल्या अणुइंधन प्रक्रिया केंद्रांतून आयोडीन-१२९ हे किरणोत्सर्गी आयोडीन समुद्रात गेले. नॉर्वेच्या किनाऱ्याने ते आर्क्टिकमध्ये शिरते. कोणत्या वर्षी किती सोडले याच्या नोंदी असल्याने अटलांटिकचे पाणी कुठवर, किती वर्षांत पोचले हे काढता येते. क्लोरोफ्लुरोकार्बन या माणसाने बनवलेल्या वायूंचेही तसेच. १९३०च्या दशकापासून ते हवेत वाढत गेले आणि हवेतून पाण्यात विरघळले. अंटार्क्टिकाजवळ वेडेल समुद्राच्या तळाच्या पाण्यात ते सापडले, म्हणजे त्यातले काही पाणी त्यानंतर कधीतरी पृष्ठभागावर हवेला लागलेले आहे. याला ‘पाण्याचे वय’ म्हणतात. तो शब्द ठेवा, पण ‘हवेशी शेवटची गाठ पडल्यापासूनचा काळ’ असा खुलासा हवा.

‘सर्क्युलेशन’ला ‘अभिसरण’च. ‘प्रवाह’ म्हटले की वरवर वाहणारे डोळ्यांपुढे येते, आणि इथे खाली बुडणे हाच अर्धा विषय आहे.

प्रश्न : वाक्य असे बदलले : ‘ऑक्सिजन-१८ च्या खुणेवरून कळते की या थरातला गोड्या पाण्याचा अंश मुख्यतः नद्यांचा आहे, बर्फाचा हिशेब उणे येतो.’ हे ‘उणे’ बरोबर आहे का? वाचक दचकेल असे वाटते.

उत्तर : बरोबर आहे, बदलू नका. तिथे वितळण्यापेक्षा गोठणे जास्त झाले, बर्फ बनून वाहून गेला आणि मीठ मागे राहिले. पुढच्या वाक्यात एवढेच जोडा.