मदत हवी आहे: स्कोपसवर (शोधनिबंधांच्या डेटाबेसवर) दोन आकडे, एच-इंडेक्स किती लिहू?

फोंडेकरीण:
शुक्रवारपर्यंत अर्ज द्यायचाय, प्लीज लवकर सांगा. फॉर्ममध्ये एच-इंडेक्स आणि एकूण सायटेशन (इतरांनी माझ्या पेपरांचे दिलेले संदर्भ) असे रकाने आहेत. एका ठिकाणी 7 दाखवतंय, एका ठिकाणी 5, आणि गूगल स्कॉलरवर तिसराच आकडा. 7 अधिक 5 करून 12 लिहिला तर चालेल ना? न्यूरोकेमिस्ट्रीत अकरा वर्षं घातलीत, पेपर सगळे माझेच आहेत.

मांडवीकाठ:
एका ठिकाणी म्हणजे कुठे? जाहिरातीत कुठला डेटाबेस मागितलाय?

फोंडेकरीण:
स्कोपसच मागितलाय आणि 7 नि 5 दोन्ही स्कोपसवरच आहेत, शीर्षकात लिहिलंय की.

सत्तरीतला:
बाय, या आकड्यांच्या मागे लागू नकोस. ऑलिव्हर लॉवरी मेंदूच्या रसायनावर आयुष्यभर काम करत राहिला, पण त्याचा सगळ्यात जास्त उद्धृत झालेला पेपर कुठला, तर प्रोटीन मोजायच्या पद्धतीचा, 1951 चा. 3 लाखांवर सायटेशन! पद्धत सगळ्या लॅबना लागते म्हणून. मेंदूवरचं काम त्या मानानं कोण वाचतं?

मांडवीकाठ:
सर, पटतंय, पण त्यांना शुक्रवारी अर्ज द्यायचाय. ताई, एकाच डेटाबेसात दोन आकडे म्हणजे तुमचं प्रोफाइल दोन ठिकाणी फुटलंय. पेपरांवर नाव वेगवेगळं आहे का?

फोंडेकरीण:
हो, ते सांगायचं राहिलं. लग्नात नाव बदललं, नुसतं आडनाव नाही, तांदळात लिहितात ते पहिलं नावपण. पीएचडीपर्यंतचे पेपर माहेरच्या नावावर, पुढचे सासरच्या.

म्हापशेकर:
नाव बदललंय तर आधी राजपत्रात द्या. माझ्या बहिणीला पासपोर्टच्या वेळी किती फेऱ्या माराव्या लागल्या.

बांबोळी_पठार:
राजपत्र कशाला मध्येच? 12 लिहा बिनधास्त. दोन्ही प्रोफाइलं तुमचीच, बेरीज तुमचीच.

मांडवीकाठ:
अजिबात नाही! एच-इंडेक्सची बेरीज होत नाही. भौतिकशास्त्रज्ञ हिर्शनं 2005 मध्ये मांडला तेव्हापासून अर्थ एकच, किमान 8 सायटेशन असलेले 8 पेपर असतील तर 8. कमिटीतल्या कुणी पडताळलं तर 12 खोटा ठरेल आणि ताईंचं नाव खराब होईल. पेपरागणिक आकडे टाका, मी काढून देतो.

फोंडेकरीण:
माहेरचे: 90, 41, 22, 14, 9, 8, 7, 3. सासरचे: 30, 19, 11, 6, 5, 2.

मांडवीकाठ:
सगळे एकत्र उतरत्या क्रमानं लावले तर 90, 41, 30, 22, 19, 14, 11, 9, आठवा 9 वर. नववा 8 वर, म्हणजे 9 काही होत नाही. तुमचा एच-इंडेक्स 8. सायटेशनची मात्र बेरीज होते, 194 आणि 73 मिळून 267.

फोंडेकरीण:
फक्त 8? एवढी वर्षं आणि 7 चे 8?

बांबोळी_पठार:
मग गूगल स्कॉलरचा लिहा, तो जास्त असेल.

मांडवीकाठ:
तिथे प्रबंध, प्रीप्रिंट (छापण्याआधीचे मसुदे) सगळंच मोजतात म्हणून आकडा फुगतो. स्कोपस मागितलंय तर स्कोपसच. ताई, स्कोपसमध्ये दोन्ही नावं शोधा, दोन्ही प्रोफाइलांवर खूण करून मर्जची, म्हणजे दोन्ही एकत्र करायची, विनंती पाठवा, फुकट आहे. शुक्रवारपर्यंत होईल याची खात्री नाही म्हणून 8 लिहून खाली दोन्ही ऑथर आयडी द्या आणि लग्नाचा दाखला जोडा. ऑर्किडवर (ORCID, संशोधकांची ओळख-नोंदणी) माहेरचं नाव 'इतर नावं'मध्ये घाला, तो 16 अंकी नंबर नाव बदललं तरी बदलत नाही.

केपेची_सून:
विषय वेगळा आहे, सॉरी, पण ताई तुम्ही मेंदूवरच्या, म्हणून विचारते. सासूबाईंना पार्किन्सन आहे, लेव्होडोपा चालू आहे, दुपारी डाळ-मासे खाल्ले की गोळी लागूच पडत नाही असं वाटतं. खरं असतं का ते?

फोंडेकरीण:
असतं. लेव्होडोपा आणि प्रोटीनमधली अमिनो आम्लं आतड्यातून आणि पुढे मेंदूत शिरताना एकाच वाटेनं जातात, गर्दी झाली की औषध मागे पडतं. गोळी आणि जेवणात किती अंतर ठेवायचं ते त्यांच्या न्यूरॉलॉजिस्टना विचारा, मी डॉक्टर नाही, आणि मासे एकदम बंद करू नका.

केपेची_सून:
उद्याच विचारते. इतकं सोपं करून कुणी सांगितलंच नव्हतं.

सत्तरीतला:
बाय, हे कुठल्या रकान्यात लिहिणार?

फोंडेकरीण:
मर्जची विनंती आत्ताच पाठवली. 8 लिहितेय, दोन्ही आयडी खाली देतेय. मांडवीकाठ, लग्नाच्या दाखल्यावर पहिलं नाव जुनंच आहे, ते चालेल का?