विषय: जोडीनं चालणाऱ्या सायकली

प्रेषक: श. दे.

मंडळी,
रविवारी सकाळी गाडी काढावी तर रस्ता सायकलवाल्यांनी व्यापलेला. एकामागे एक चालले तर माझी तक्रार नाही. पण दोघं-दोघं शेजारी, गप्पा मारत, अर्धा रस्ता अडवून? हॉर्न दिला की वर आपल्यालाच हातवारे. या ईमेल-यादीवर सायकल चालवणारे बरेच आहेत म्हणून विचारतो, हे कायद्यात बसतं का? आणि कडेनं जायला यांचं काय जातं?

प्रेषक: मी. गो.

काका, नमस्कार.
ब्रिटनमध्ये बसतं. जानेवारी २०२२ मध्ये हायवे कोड, म्हणजे तिथली रस्त्याची नियमपुस्तिका, बदलला, त्यात जोडीनं चालवता येतं असं स्वच्छ लिहिलंय. त्याच कोडमध्ये सायकलला ओव्हरटेक करताना ताशी ३० मैलांपर्यंत किमान दीड मीटर अंतर सांगितलंय. वेग वाढला की अंतरही वाढवायचं.

आता हिशेब करू. माझं चाक कडेपासून पाऊण मीटरवर. हँडलचा अर्धा भाग ३० सेंटिमीटर. मग तुमचं दीड मीटर. मग तुमची गाडी, आरसे सोडून १.८ मीटर. बेरीज ४.३५ मीटर. लेन असते साधारण तीन-साडेतीन मीटरची. म्हणजे मी एकटी असले तरी तुम्हाला पलीकडच्या लेनमध्ये जावंच लागणार, आणि समोरून कुणी येत असेल तर थांबावंच लागणार. मग शेजारी मैत्रीण असली म्हणून तुमचं काय बिघडतं? उलट आठ जणांची रांग चार जोड्यांची झाली की ओव्हरटेकचं अंतर जवळपास निम्मं होतं.

कडेनं का नाही, तर तिथं गटाराच्या जाळ्या असतात, काचा असतात, पार्क केलेल्या गाड्यांची अचानक उघडणारी दारं असतात. आणि आम्ही कडेला चिकटलो की मागच्याला वाटतं, जागा आहे, घालू गाडी.

प्रेषक: अ. कु.

जर्मनीहून थोडी भर. आमच्याकडे २०२० पासून शहरात दीड आणि शहराबाहेर दोन मीटर अंतर कायद्यातच आहे. शिवाय साडेतीन टनांवरच्या गाडीनं शहरात उजवीकडे वळताना, शेजारून सरळ जाणारी सायकल असण्याची शक्यता असेल तर, चालण्याच्या वेगानंच वळायचं. ट्रकच्या पोटाशी सायकल सापडण्याचे अपघात याच वळणावर होतात. (डावीकडून चालवणाऱ्यांनी उजवं-डावं बदलून वाचावं.)

पण ताई, एक सांगतो, राग नको. सिग्नलला थांबलेल्या ट्रकच्या कडेच्या फटीतून पुढे सरकणारे सायकलवालेही मी रोज बघतो. तिथं कायदा कितीही बाजूनं असला तरी ड्रायव्हरला तुम्ही दिसत नाही. ट्रकच्या मागेच थांबावं.

प्रेषक: वि. ना.

'दिसत नाही' हा शब्द निघालाच आहे, तर जरा लांबण लावतो. अपघातानंतर ड्रायव्हर म्हणतो, "दिसलाच नाही." आपण म्हणतो, खोटं बोलतोय किंवा फोनमध्ये होता. पुष्कळदा तसं असतंही. पण काही वेळा तो खरंच बोलत असतो, आणि त्यामागे शाळेतली भूमिती असते.

काटकोनी चौक घ्या. गाडी ताशी ६० किलोमीटरनं येतेय, उजवीकडून सायकल २५ नं. गाडी चौकापासून ६० मीटरवर असताना सायकल २५ मीटरवर आहे. गाडी ३० वर आली तेव्हा सायकल साडेबारावर. दोघांनी वेग बदलला नाही तर ड्रायव्हरला सायकल सतत एकाच कोनात असते, सरळ समोरपासून साधारण २३ अंशांवर. म्हणजे काचेवर ती जागची हलतच नाही, आणि ज्या गोष्टी हलत नाहीत त्यांच्याकडे डोळा सहज वळत नाही. त्यात काचेच्या कडेचा खांब बऱ्याच गाड्यांत याच सुमाराला येतो. एकदा सायकल त्याच्याआड गेली की टक्कर होईपर्यंत आडच राहू शकते. भडक पिवळं जाकीट घातलं तरी खांबातून आरपार दिसणार नाही.

इंग्लंडच्या न्यू फॉरेस्टमध्ये इप्ली क्रॉस नावाचा चौक आहे. भोवती उघडा माळ, लांबवर नजर जाते, पण रस्ते एकमेकांना तिरके छेदत होते, त्यामुळे सायकल अशीच खांबाआड राहू शकत होती. तिथं वेगवेगळ्या अपघातांत दोन सायकलस्वार गेले.

दुसरी अडचण डोळ्यांची. मान झर्रकन फिरवली की नजर उड्या मारत जाते आणि उडी चालू असताना मेंदू चित्र बंद ठेवतो. आपल्याला वाटतं अख्खा रस्ता पाहिला. प्रत्यक्षात चार-दोन ठिकाणंच पाहिलेली असतात. मधल्या फटीत सायकल सहज मावते, बस मावत नाही.

म्हणून चौकाजवळ येताना मी सीटवर पुढे-मागे वाकून खांबाच्या दोन्ही बाजूंनी बघतो, नजर ठिकठिकाणी टेकवत. वेग आधीच थोडा कमी केला की कोन मोडतो आणि लपलेला माणूस खांबामागून बाहेर येतो. सायकलवाल्यानंही क्षणभर पेडल थांबवलं तरी हेच होतं.

प्रेषक: श. दे.

खांबाचं हे माहीत नव्हतं. दाराचंही सांगतो: आमच्या मुलीनं लांबचा हात वापरायला शिकवलंय. उजवं दार डाव्या हातानं उघडायचं, म्हणजे अंग आपोआप वळतं आणि मागचं दिसतं. डच रीच म्हणतात. तेही त्या कोडात आलंय म्हणे.

दीड मीटरही मान्य. पण मीनाताई, चढावर मागे गाड्यांची रांग लागली तरी एकेरी न होणारे महाभाग आहेत, त्यांचं काय?

प्रेषक: मी. गो.

ते चूकच, काका. जोडीनं चालायची मुभा देणारा नियम ६६ पुढच्याच श्वासात सांगतो की मागच्या गाड्यांचं भान ठेवा आणि सुरक्षित असेल तेव्हा एकेरी होऊन किंवा थांबून त्यांना जाऊ द्या. आमच्या गटात शेवटचा 'गाडी मागे!' अशी हाक देतो आणि रांग पातळ होते.

मात्र आंधळ्या वळणावर आणि चढाच्या माथ्याशी आम्ही मुद्दाम जोडीनंच राहतो, कारण तिथं मागच्याला ओव्हरटेकचा मोहच व्हायला नको. तिथं तुम्ही हॉर्न वाजवलात तरी मी हलणार नाही, आधीच सांगून ठेवते.