कर्ब्ज सोडू नका, पण 'होल ग्रेन'च्या नावाखाली पीठ कशाला खाताय?

दाणेदार
डाएटचा विषय निघाला की दोनच पार्ट्या दिसतात. एक म्हणते कर्ब्ज (कार्बोहायड्रेट्स, म्हणजे स्टार्च आणि साखर) म्हणजे विष, बंद करून टाका, आणि दुसरी म्हणते छे, फक्त पांढरं सोडा आणि ब्राऊन म्हणजे 'होल ग्रेन', कोंड्यासकटचं धान्य खा, झालं. पहिल्या पार्टीशी वाद घालून मी दमलोय त्यामुळे आज दुसरीला धरतो.

माझं म्हणणं एवढंच की धान्याचा रंग बघू नका, दाणा किती शाबूत राहिलाय ते बघा. ग्लायसेमिक इंडेक्सचे (पदार्थ खाल्ल्यावर रक्तातली साखर किती चढते त्याचा आकडा) जे आंतरराष्ट्रीय तक्ते २००८ साली छापून आले त्यात पांढऱ्या ब्रेडचा सरासरी आकडा ७५ आहे आणि होल व्हीट ब्रेडचा ७४. (शुद्ध ग्लुकोज १००, ५५ पर्यंत कमी, ७० पासून पुढे जास्त.) म्हणजे चवीशी तडजोड करून पदरात काय पडलं तर एक आकडा! त्याच तक्त्यात उकडलेला राजमा २४, हरभरे २८, मसूर ३२. आणि ओट्सचं तर बघाच, जाड ओट्सची लापशी ५५ आणि गरम पाणी ओतलं की होणारी इन्स्टंटवाली ७९. धान्य तेच, कोंडा तोच, फक्त जास्त बारीक आणि आधीच शिजवून वाळवलेलं.

कारण काही गूढ नाही. दळताना दाण्यातल्या पेशींच्या भिंती फुटतात, आतला स्टार्च उघडा पडतो आणि पचनाच्या एन्झाइम्सना रान मोकळं मिळतं. अख्ख्या दाण्यात त्यांना आधी भिंत ओलांडावी लागते. म्हणून माझा क्रम असा, आधी कडधान्यं, मग अख्खी किंवा भरड धान्यं, अख्खी फळं, आणि पीठ सगळ्यात शेवटी, मग ते कुठल्याही रंगाचं असो.

मीठमिरची
अर्धा तक्ता वाचून अख्खा निकाल लावलात की! त्याच तक्त्यात आइस्क्रीमचा आकडा ५१ आहे आणि उकडलेल्या बटाट्याचा ७८. मग काय, बटाटा सोडून आइस्क्रीम खायचं का? फॅट असलं की पोट सावकाश रिकामं होतं म्हणून आकडा खाली येतो, त्यानं पदार्थ हेल्दी होत नाही. कलिंगडाचं पण तेच, आकडा ७६, पण १२० ग्रॅमच्या फोडीत कर्ब्ज असतात जेमतेम ६ ग्रॅम. इंडेक्स मोजताना सगळ्या पदार्थांमधून साधारण ५० ग्रॅम कर्ब्ज खायला लावतात आणि तेवढ्यासाठी कलिंगड किलोभर रिचवावं लागेल, कोण खातंय एवढं एका बैठकीत. म्हणूनच पुढे ग्लायसेमिक लोड नावाचा प्रकार आला, इंडेक्स गुणिले कर्ब्ज भागिले १००, त्या हिशोबात ही फोड ५ च्या आत बसते आणि १० पर्यंत कमीच धरतात.

आणि तो ७८ बघून बटाट्याला हिणवू नका. १९९५ साली सिडनी विद्यापीठानं कुठल्या पदार्थानं किती वेळ पोट भरल्यासारखं वाटतं ते मोजलं होतं, पांढरा ब्रेड १०० धरून. उकडलेला बटाटा ३२३ वर म्हणजे सगळ्यात वर, आणि क्रोसाँ (लोण्याचा खुसखुशीत पाव) ४७ वर तळाला.

दुसरं म्हणजे पास्ता. मैद्याचा किंवा रव्याचाच ना तो? त्याचा आकडा ४९. कुठे गेली तुमची दाण्याची थिअरी?

दाणेदार
पास्ता माझ्याच बाजूनं साक्ष देतोय हो. तो घट्ट दाबून काढतात, प्रोटीनच्या जाळ्यात स्टार्च अडकून बसतो म्हणून सावकाश पचतो. म्हणजे प्रश्न रचनेचाच आला ना, रंगाचा नाही. आइस्क्रीमचं मान्यच आहे, पण ते मी धान्यांच्या यादीत धरलंच नव्हतं.

मीठमिरची
बरं रचनेचं राहू दे, होल ग्रेनच्या फायद्याचं बोला. २०१९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात फायबरवर (धान्या-भाज्यांतला न पचणारा चोथा) मोठा आढावा आला होता, १८५ अभ्यास आणि ५८ ट्रायल्स एकत्र करून. जास्त फायबर खाणाऱ्यांमध्ये कमी खाणाऱ्यांपेक्षा मृत्यू, हृदयविकार, टाइप २ डायबिटीस, मोठ्या आतड्याचा कॅन्सर यांचं प्रमाण १५ ते ३० टक्क्यांनी कमी, आणि दिवसाला २५ ते २९ ग्रॅमच्या आसपास बराचसा फायदा मिळतो. आता सांगा, त्या अभ्यासांमधली सगळी माणसं काय अख्खे गहू चावत बसली होती? ब्रेडच खात होती की, होल ग्रेनचा. साखर एका आकड्यानं कमी चढली म्हणून कोंडा फुकट गेला असं नसतं, तो आतड्यातल्या बॅक्टेरियांचं खाणं आहे, पोट साफ राहतं, कोलेस्टेरॉलला मदत होते. तुमची पोस्ट वाचून कुणी म्हणेल फरकच नाही तर पांढराच बरा, आणि तो धोका जास्त आहे.

दाणेदार
तो आढावा केला ओटागो विद्यापीठाच्या मंडळींनी. त्याच गटानं २०२० साली टाइप २ डायबिटीस असलेल्यांना एकदा बारीक दळलेलं होल ग्रेन आणि एकदा कमी प्रोसेस केलेलं होल ग्रेन दिलं, आणि जेवणानंतरची साखर कमी प्रोसेसवाल्यात चांगली राहिली. होल ग्रेन दोन्हीकडे होतं बरं का.

कमीखाऊ
तुम्ही दोघं धान्याच्या सालीवरून भांडताय आणि इकडे माझ्यासारख्या डायबिटीसवाल्याला प्रश्न वेगळाच पडतो, मुळात ताटात कर्ब्ज हवेतच किती? मी जेवल्यावर दोन तासांनी मीटर लावतो आणि ब्राऊन राइसनं आकडा पांढऱ्याइतकाच वर जातो, माझ्या मीटरला कोंडा दिसत नाही. प्रमाण अर्ध्यावर आणलं, जागा भाज्या आणि प्रोटीनला दिली, तेव्हा कुठे आकडे ताब्यात आले. डॉक्टरांना विचारूनच केलं कारण गोळ्यांचा डोस त्यांनी कमी केला, नाहीतर साखर खाली जाऊन चक्कर यायची. तेव्हा 'कर्ब्ज सोडू नका' हे असं सरसकट ओरडू नका प्लीज.

उंटावरचा शहाणा
कमी करा ना, कोण नाही म्हणतंय, पण मग त्या जागी काय आलं ते पण सांगायला लागतं. २०१८ च्या 'लॅन्सेट पब्लिक हेल्थ'मधल्या अभ्यासात एकूण कॅलरीजपैकी ५० ते ५५ टक्के कर्ब्ज खाणाऱ्यांमध्ये मृत्यूचा धोका सगळ्यात कमी दिसला, ४० च्या खाली आणि ७० च्या वर दोन्हीकडे वाढलेला. कर्ब्जच्या जागी मांसाहारी फॅट-प्रोटीन आलं तर वाईट, वनस्पतीजन्य आलं तर उलट धोका कमी. आणि वजनासाठी म्हणाल तर त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या ट्रायलमध्ये ६०९ जणांना वर्षभर लो-फॅट किंवा लो-कार्ब दिलं, सरासरी एक गट ५.३ किलो उतरला, दुसरा ६.० किलो, फरक नाहीच म्हणायचा. दोन्ही गटांना साखर आणि मैदा कमी करा, भाज्या वाढवा असं सांगितलेलं होतं, हे मात्र लो-कार्बवाले सोयीस्कर विसरतात.

कमीखाऊ
वजनाबद्दल मी बोललोच नाहीये, साखरेबद्दल बोलतोय. आणि पहिला अभ्यास निरीक्षणाचा, लोकांना काय खाल्लं ते विचारून केलेला, त्यातून अमुक टक्केच खा असा नियम निघत नाही. शिवाय २०१५ मध्ये इस्रायलच्या वाइझमन इन्स्टिट्यूटनं ८०० लोकांना सतत साखर मोजणारे सेन्सर लावले तर तोच पदार्थ खाऊन एकाची साखर उसळली आणि दुसऱ्याची हललीपण नाही. सरासरीचा तक्ता माझ्या शरीराला लागू पडेलच असं कशावरून?

फाजील शंका
सगळे अभ्यास ठीक आहेत पण शिजवणार कोण? हरभरे रात्री भिजवायचे लक्षात ठेवा, सकाळी उकडा, अख्खी धान्यं तर तासभर शिजतात आणि वर चावून चावून जबडा दुखतो. रात्री थकून आलं की हात ब्रेडकडेच जातो. आणि राजमा-हरभरा रोज खाऊन पोटात जो गॅस होतो त्याबद्दल कुणी का बोलत नाही? फायबर वाढवा म्हणणाऱ्यांना शेजारी बसायचं नसतं बहुतेक.

वाचून_घेणारी
गॅस एकदम वाढवल्यानं होतो, दोन चमच्यांपासून सुरू करा आणि काही आठवडे जाऊ द्या, भिजवलेलं पाणी फेकून द्या, पाणी पण जास्त प्या. डब्यातले शिजवलेले हरभरे चालतात, नुसते धुवून घ्या म्हणजे मीठ बरंच निघून जातं.

आणि ब्रेडच घेणार असाल तर पाकीट उलटं करा. पुढच्या बाजूला गव्हाची कणसं, 'मल्टिग्रेन' वगैरे असतं, मागे घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं लिहिलेले असतात, पहिलं नाव मैदा असेल तर विषय संपला. परवा एक पाकीट बघितलं, छान तपकिरी, वर तीळ आणि जवस चिकटवलेले, घटकांत मैदा पहिला, साखर तिसरी, रंग कॅरमलचा. मल्टिग्रेन म्हणजे अनेक धान्यं एवढंच, ती अख्खी आहेत असं कुठे म्हटलंय त्यांनी. माझा आडाखा असा की दर १० ग्रॅम कर्ब्जमागे निदान १ ग्रॅम फायबर हवं, नसेल तर परत ठेवून द्या.

ज्यूसपण बघा जाता जाता. जागतिक आरोग्य संघटना ज्यूस आणि मधातली साखर 'फ्री शुगर'मध्ये धरते, २०१५ पासून त्यांचं सांगणं आहे की ती रोजच्या कॅलरीजच्या १० टक्क्यांच्या आत हवी, २००० कॅलरीजवाल्याला म्हणजे ५० ग्रॅम. अख्ख्या फळातली त्यात धरत नाहीत.

दाणेदार
हे बेस्ट. फक्त तो १० ला १ चा हिशोब दळलेल्या कोंड्यालाही पास करतो, माझी तक्रार तिथेच आहे.

मीठमिरची
तुम्ही काही हलणार नाही.

फाजील शंका
एक विचारतो, भात शिजवून फ्रिजमध्ये ठेवला की त्यातले कर्ब्ज कमी होतात असं ऐकलंय, खरं का? कारण तेवढं मला जमेल.

कमीखाऊ
थोडा स्टार्च थंड होताना घट्ट बांधला जातो आणि पचत नाही, फायबरसारखा पुढे जातो. गरम केल्यावरही काही प्रमाणात टिकतो. बटाट्याचं पण होतं तसं. पण फार आशा नको, भात तो भातच, दुप्पट खायची परवानगी नाही मिळत. आणि शिजवून ओट्यावर तासन् तास ठेवू नका, त्यात बॅसिलस सिरियस नावाचा जंतू वाढतो आणि त्याचं विष गरम करूनही जात नाही, तासाभरात फ्रिजमध्ये गेला पाहिजे, दुसऱ्या दिवशी संपवून टाका.

फाजील शंका
म्हणजे घड्याळ लावणं आलंच. बरं, उद्यासाठी हरभरे भिजत टाकले आत्ता, दोनच चमचे.