मदत हवी आहे: एरिया मॅनेजरसोबत जॉइंट वर्किंग, बीट (दिवसाच्या दुकानांचा क्रम) कसं लावू?

मंडळी, गुरुवारी आमचे एरिया सेल्स मॅनेजर दिवसभर माझ्यासोबत मार्केट करणार आहेत. बिस्किट-नमकीनची लाइन, सोलापूर शहर. सकाळी मधल्या मारुतीचे होलसेलवाले आणि मग पूर्व भागातला किराणा, अशोक चौक ते कन्ना चौक, असा विचार आहे. पण सकाळी होलसेलवाले माल उतरवण्यात गुंतलेले, बोलायला उभे राहत नाहीत. उलटं लावलं तर होलसेलला संध्याकाळी गिऱ्हाईकांची गर्दी. आधी काय घ्यावं?

प्रत्येक दुकानाची मागची तीन बिलं, बंद पडलेले एसकेयू (मालाचे वेगवेगळे पॅक) आणि उधारी एका कागदावर काढली आहे. डिस्ट्रिब्यूटरचा क्लोजिंग स्टॉक (दिवसअखेरचा शिल्लक माल) मात्र ॲपशी जुळत नाही. व्हॅनमधून परत आलेला माल दुसऱ्या दिवशी नोंदीत चढतो, म्हणून हा फरक. बुधवारी रात्री गोडाऊन मोजून घेणं पुरेल का?

खरी अडचण वेगळीच आहे. चार दुकानांतून एक्सपायरीचा माल उचलला, त्याच्या भरपाईची क्रेडिट नोट अजून निघालेली नाही. साहेब दिसले की दुकानदार पहिला विषय तोच काढणार, आणि ती दुकानं टाळली तर साहेबांच्या लगेच लक्षात येईल. क्लेमची यादी तारखांसह त्यांना आदल्या दिवशीच पाठवू, की गाडीत बसल्यावर सांगू?